वडिलांच्या जुन्या डीटीपी मशीनमधल्या फाइली नव्या लॅपटॉपवर कशा आणाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवून देण्याचं दुकान होतं. ते बंद झाल्यापासून तिथलं असेंबल्ड मशीन घरी माळ्यावर पडून आहे. विंडोज एक्सपी, ८० जीबीची हार्ड डिस्क. त्यात लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, आजोबांनी सांगितलेल्या आणि वडिलांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी, घरचे काही फोटो आणि दुकानाचा टॅलीतला हिशेब. तुमच्याकडे विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आहे. केबल कोणती घेऊ, पेन ड्राइव्हने होईल का, आणि पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅमसकट सगळंच जसंच्या तसं लॅपटॉपवर येईल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय ओळखीतल्या दुकानदाराने ‘मशीन आणून टाका, डेटा काढून फॉरमॅट मारून देतो’ असं सांगितलंय.

केबलचं उत्तर सोपं आहे, ते खाली देतोच. पण या कामात माणूस केबलपाशी अडत नाही. ८० जीबी इकडून तिकडे नेणं हे एका संध्याकाळचं काम. अडचण त्यानंतर कळते. फाइल आलेली असते, नाव दिसतं, आकार बरोबर असतो, आणि उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी समोर येते. किंवा ती उघडतच नाही, कारण ज्या प्रोग्रॅममध्ये ती केली तो लॅपटॉपवर चालणारच नसतो. डीटीपीच्या मशीनवर हे हमखास होतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करतो. डिस्कला धक्का न लावता तिची पूर्ण नक्कल कशी घ्यायची, हा एक. आणि घेतलेलं उघडायचं कशात, हा दुसरा.

दुकानदाराला तूर्त थांबवा. त्याची नियत वाईट आहे असं नाही, पण ‘डेटा काढणं’ म्हणजे माय डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह उचलणं, असाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. तुमच्या कामाचं बरंच काही या तिन्हींच्या बाहेर आहे. त्यावर फॉरमॅट मारला की ते परत मिळवणं महागात जातं.

आधी मशीन चालू करू नका

हा सल्ला लोकांना उलटा वाटतो. चालतंय का ते बघायला नको का? माझं म्हणणं असं की काही वर्षं बंद असलेल्या मशीनचं पहिलं चालू होणं हीच त्यातली सगळ्यात जोखमीची वेळ असते. एसएमपीएसमधले (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असू शकतात, पंखे धुळीने जाम झालेले असू शकतात. आणि एक्सपी चालू होताना डिस्कवर फक्त वाचत नाही, लिहीतही असतं. शेवटच्या वेळी मशीन नीट बंद झालं नसेल, तर ते स्वतःहून चेकडिस्क ही डिस्कची तपासणी सुरू करतं आणि दुखऱ्या डिस्कला तासभर रगडतं. डिस्कमध्ये मोजकाच जीव उरला असेल, तर तो नक्कल घेण्यात खर्च व्हावा, विंडोज चालू करण्यात नको.

मशीन गेल्या महिन्यापर्यंत रोज चालत असतं तर मी एवढं ताणलं नसतं. तुमचं माळ्यावरचं आहे. पावसाळ्यात तिथे दमट असेल, तर डिस्क काढून दोन दिवस कोरड्या खोलीत नुसती ठेवा. हेअर ड्रायर नको, ऊन नको.

कॅबिनेटची बाजू उघडण्याआधी मागची पॉवर केबल काढा आणि अंगावरची स्थिर वीज उतरवायला कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. डिस्क बाहेर काढायच्या आधी तिच्या मागचे कनेक्टर मोबाइलवर टिपून ठेवा. फोटो दोन कामांना येतो: परत जोडताना, आणि ॲडॅप्टर घ्यायला जाल तेव्हा दुकानात दाखवायला.

त्या काळातली डिस्क दोनपैकी एका जातीची असते. मागे पिनांच्या दोन रांगा, एकूण ४० पिनांची जागा, तिला रुंद चपटी केबल आणि पॉवरसाठी चार जाड पिनांचा पांढरा कनेक्टर, तर ती आयडीई. दोन अरुंद, इंग्रजी एल अक्षरासारख्या खाचेचे कनेक्टर असतील, तर ती साटा. साटा डिस्का २००३ पासून बाजारात आल्या, पण आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये त्यानंतरही काही वर्षं आयडीई बसत होती. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘चपटी राखाडी पट्टी’ आहे, म्हणजे तुमची आयडीईच.

नव्या लॅपटॉपला आयडीई लावायची सोय नसते, म्हणून यूएसबी ते साटा-आयडीई असा ॲडॅप्टर लागतो. घेताना एकच गोष्ट बघा: सोबत भिंतीत लावायचा १२ व्होल्टचा वेगळा पॉवर ॲडॅप्टर आहे ना. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून फक्त ५ येतात. ते खोकं नसेल, तर डिस्क फिरणारच नाही आणि तुम्ही ती मेली असं समजाल. लॅपटॉपची छोटी अडीच इंची डिस्क मात्र नुसत्या यूएसबीवर चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन, कुठेही हा ॲडॅप्टर मिळतो आणि फार महाग नसतो. आणखी स्वस्तात हवा असेल, तर गावातल्या जुन्या रिपेअरवाल्याकडे एक दिवसासाठी मागा. बहुतेकांच्या खणात एखादा असतोच.

आयडीई डिस्कच्या मागे पिनांवर एक चिमुकली टोपी असते, तिला जंपर म्हणतात. ॲडॅप्टरला लावताना डिस्क मास्टर (मुख्य) म्हणून असावी लागते. स्लेव्हवर (दुय्यम) असेल तर डिस्क फिरते, पण लॅपटॉपला दिसत नाही. कोणत्या जागी जंपर लावला की मास्टर होतं, ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं. दुसरं म्हणजे ४० पिना दाबून बसवताना वाकवू नका. एका पिनेचं भोक बंद असलेला कनेक्टर उलटा घालायचा प्रयत्न करून लोक पिना मोडतात.

आता डिस्क टेबलावर सपाट ठेवा, खाली कागद किंवा लाकूड, धातू नको. आधी ॲडॅप्टरला जोडा, मग पॉवर द्या, शेवटी यूएसबी लॅपटॉपला लावा. आणि कान द्या. एकसारखा घूं असा आवाज, मध्ये बारीक करकर, हे ठीक. ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज, किंवा फिरून थांबणं आणि पुन्हा फिरणं, हे वाईट.

विंडोज ११ इथे तुम्हाला एक-दोन पेटीतून प्रश्न विचारू शकतं. ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का?’ नाही. ‘डिस्क इनिशियलाइझ करा’? नाही. ‘डिस्कमध्ये दोष असू शकतो, तपासून दुरुस्त करू का?’ तेही आत्ता नाही, कारण दुरुस्ती म्हणजे लिहिणं. एक्सप्लोररमध्ये ड्राइव्ह दिसलीच नाही तर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. तिथे भाग एनटीएफएस किंवा फॅट३२ (विंडोजच्या फाइली साठवायच्या पद्धती) म्हणून दिसतोय पण त्याला अक्षर नाही, तर नुसतं अक्षर द्या, काम झालं. ‘रॉ’ असं, म्हणजे विंडोजला त्या भागाची मांडणी ओळखता येत नाही असं दिसत असेल, तर पुढचं वाचा.

डिस्क आजारी निघाली तर

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगतं. काही ॲडॅप्टरमधून ही माहिती येत नाही, तेव्हा दिसली नाही म्हणून बिचकू नका. दिसली तर तीन आकडे बघा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा): बदलून घेतलेले सेक्टर, वाट पाहत असलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्ही शून्य असतील तर बिनधास्त पुढे जा. दुसरा किंवा तिसरा शून्याहून जास्त असेल, किंवा मघाशी ‘रॉ’ दिसलं असेल, तर फाइली एकेक करून कॉपी करत बसू नका. अशा डिस्कची आधी सेक्टर-सेक्टर अशी पूर्ण प्रतिमा घ्यायची आणि मग त्या प्रतिमेतून फाइली काढायच्या. त्यासाठी जीएनयूचं डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचं साधन मी वापरतो. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेले तुकडे मागे ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. कुठवर आलो याची नोंद ते एका फाइलीत ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे जाता येतं. लिनक्सची सवय नसेल, तर इथे माहितगार माणूस गाठा. ज्या डिस्कवरून वाचायचं आणि जिच्यावर लिहायचं त्यांची अदलाबदल झाली, तर सगळं पुसलं जातं.

टक्-टक् आवाज असेल तर पॉवर लगेच बंद. आतलं हेड (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) निकामी होत असतं आणि प्रत्येक फेरीला तबकडी ओरबाडली जाऊ शकते. डेटा रिकव्हरीवाले अशी डिस्क धूळमुक्त खोलीत उघडतात आणि त्याचे पैसे नव्या लॅपटॉपच्या किमतीशी स्पर्धा करू शकतात. आजोबांच्या आठवणींची तेवढी किंमत आहे का, हे मी ठरवू शकत नाही. पण डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जो उपाय व्हिडिओंमधून फिरतो, तो करू नका, आत दव धरतं. तसाच ‘त्याच मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड लावून बघा’ हाही. त्या बोर्डावर प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी साठवलेली असते, ती बदलून घेतल्याशिवाय बोर्ड सहसा चालत नाही.

पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्क का नको

हे लवकर सांगून टाकतो. पेन ड्राइव्हसाठी एक्सपी चालू करावं लागतं, जे आपण टाळतोय. शिवाय आजच्या मोठ्या पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या नव्या साठवण पद्धतीत येतात आणि वेगळा अपडेट टाकलेला नसेल, तर एक्सपी ते ओळखत नाही. फॅट३२ केलीत तर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आणि मदरबोर्डवर जुनी यूएसबी १.१ निघाली, तर सेकंदाला एक एमबी हा वेग म्हणजे ८० जीबीला जवळजवळ अख्खा दिवस. नेटवर्कने दोन्ही मशीन जोडायची, तर एक्सपी ज्या जुन्या एसएमबी १ पद्धतीने बोलतं, ती नव्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी मुळातच बंद असते. एका कामासाठी ती उघडणं मला पटत नाही. डिस्क काढून लावणं हाच सरळ रस्ता.

नक्कल घेताना

निवडत बसू नका. सगळं घ्या. आजच्या हिशेबाने ८० जीबी म्हणजे काहीच नाही, आणि ‘हे काय कामाचं’ हे तुम्हाला आज कळणार नाही. कट-पेस्ट कधीच नाही, फक्त कॉपी. आणि नक्कल लॅपटॉपवर न घेता शक्यतो एका बाहेरच्या डिस्कवर घ्या, तिथून लॅपटॉपवर कामापुरतं आणा.

माउसने ओढून कॉपी केली, तर मध्येच एखादी फाइल अडते, पेटी उघडून विचारत बसते, आणि तुम्ही चहा घेऊन परत आलात की काम दोन टक्क्यांवर थांबलेलं असतं. म्हणून विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड वापरा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून. आधी कुठून, मग कुठे, आणि पुढे स्लॅश देऊन हे पर्याय: ‘ई’ म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकाम्यासकट. ‘बी’ म्हणजे परवानग्यांना वळसा घालून वाचायची बॅकअप पद्धत. ‘एक्सजे’ म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारे खोटे फोल्डर वगळायचे. जुनं मशीन व्हिस्टा किंवा विंडोज ७ चं असेल, तर हा शेवटचा फार महत्त्वाचा, नाहीतर नक्कल गोल गोल फिरत राहते. ‘डीकॉपी’ला ‘टी’ दिलं की फोल्डरांच्या तारखा टिकतात. ‘लॉग’ दिला की काय गेलं नि काय राहिलं ते एका फाइलीत लिहून मिळतं.

आणि दोन पर्याय विसरू नका: ‘आर’ला १ आणि ‘डब्ल्यू’ला १. रोबोकॉपीला काही सांगितलं नाही, तर ती अडलेल्या फाइलीवर दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका खराब सेक्टरवर रात्रभर अडकलेली नक्कल मी बऱ्याच जणांकडे पाहिली आहे, आणि तेवढा वेळ डिस्क तोच सेक्टर घासत असते.

वेळ किती लागेल? यूएसबी २ चा ॲडॅप्टर असेल, तर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात. म्हणजे मोठ्या फाइली असतील तर ८० जीबीला पाऊण तास. पण पत्रिकांच्या हजारो बारक्या फाइली वेग पार खाली आणतात, तेव्हा तीन-चार तास धरून चला. डिस्क गरम होईल, वर पंखा सोडा.

काम झाल्यावर ज्यात नक्कल घेतली तो फोल्डरच दिसेना, तर दचकू नका. अख्ख्या ड्राइव्हच्या मुळापासून नक्कल घेतली की त्या फोल्डरला ‘लपलेला’ आणि ‘सिस्टिम’ असे शिक्के कधी कधी लागतात. ॲट्रिब कमांडने ते काढता येतात. हीच कमांड पुढे आणखी एका कामाला येते. २००७ नंतरच्या काही वर्षांत पेन ड्राइव्हमधून पसरणारे व्हायरस डीटीपीच्या दुकानांत घराघरांतून येत. ते खरे फोल्डर लपवून त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र लावलेली प्रोग्रॅम फाइल तिथे ठेवत. म्हणून नकलेवर आधी विंडोज डिफेंडर चालवा, फाइलींची पूर्ण नावं दिसतील असं सेटिंग करा, आणि ज्या फोल्डरापुढे प्रकार म्हणून ‘ॲप्लिकेशन’ लिहिलंय त्यावर क्लिक करू नका. त्याच्या शेजारीच लपलेला खरा फोल्डर सापडतो.

परवानगीचं एक. नुसता एक्सप्लोरर वापरून वडिलांचा फोल्डर उघडलात तर ‘तुम्हाला परवानगी नाही’ येईल. ‘कंटिन्यू’ म्हणा आणि थांबा, ॲडमिनिस्ट्रेटर असाल तर उघडेल. एक्सपीचा पासवर्ड आठवत नसला तरी इथे तो आड येत नाही. अपवाद एकच: एक्सपी प्रोफेशनलमध्ये वडिलांनी फाइली एन्क्रिप्ट केल्या असतील, तर त्यांच्या चित्रावर छोटं कुलूप दिसतं (एक्सपीत नावं हिरवी दिसत). त्या नुसत्या नकलेने उघडत नाहीत. त्यांची किल्ली जुन्या मशीनमध्ये वडिलांच्याच खात्याने शिरून काढावी लागते. दुकानाच्या मशीनवर हे मला क्वचितच दिसलं आहे, पण कुलूप किंवा हिरवं नाव दिसलं तर पुढे काहीही पुसू नका.

मग तपासणी. लॉगच्या शेवटी ‘फेल्ड’ या रकान्यात किती फाइली आहेत ते बघा. पेजफाइलसारखी विंडोजची स्वतःची एखादी राहिली असेल तर हरकत नाही. नंतर प्रत्येक प्रकारच्या चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडा: सर्वांत जुनी, सर्वांत मोठी, आणि एक मधलीच. फोटो नुसते छोट्या चित्रांत बघू नका, पूर्ण उघडा. खराब फोटो खालून राखाडी झालेला असतो आणि छोट्या चित्रात तो चांगलाच दिसतो.

इथवर झालं की डिस्क पूर्ण उतरली, दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित आहे, आणि मूळ डिस्कवरच्या फाइलींत आपण काही बदललं नाही. आता दुसरा भाग.

घेतलेलं उघडायचं कशात

आधी फॉन्ट. वडिलांनी श्रीलिपी, आयएसएम किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर त्या वर्ड फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नाही. साठवलाय इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि त्या जागी मराठी आकार दाखवायचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मजकूर गेलेला नसतो, फाइल बिघडलेली नसते. हे माहीत नसल्याने ‘करप्ट झाली’ म्हणून पुसून टाकलेल्या फाइली फार आहेत.

म्हणून जुन्या डिस्कवरचा विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर हा तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा, आणि दुकानदार नेमका तोच घेत नाही. एक्सप्लोररमध्ये हा फोल्डर खास पद्धतीने उघडतो, त्यामुळे आत शिरून निवडण्यापेक्षा रोबोकॉपीने आलेली नक्कल वापरा. श्रीलिपीच्या फॉन्टची नावं ‘श्री-देव’ने सुरू होतात आणि पुढे आकडे असतात. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमचे ‘डीव्ही-टीटी’ किंवा ‘डीव्हीबी-टीटी’ने सुरू होतात: सुरेख, योगेश वगैरे. वर्डमध्ये गचाळ दिसणारा मजकूर निवडला की वर फॉन्टचं नाव दिसतंच. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर टाका, फाइल पुन्हा उघडा, आणि मराठी परत येते.

ही झाली दिसण्यापुरती सोय. आजोबांच्या आठवणी शोधता याव्यात, मोबाइलवर पाठवता याव्यात, असं वाटत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या आजच्या पद्धतीत बदलावा लागेल. त्यासाठी फॉन्टनुसार वेगवेगळे परिवर्तक मिळतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. बदलल्यावर वाचून काढल्याशिवाय सुटका नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप झालेला असतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. ‘विद्यार्थी’, ‘निर्मिती’, ‘कार्यक्रम’ असे शब्द आधी तपासा, तिथे चूक नसेल तर बाकीचं बहुधा ठीक असतं. दुसरी खोड म्हणजे मजकुरात मधेच खरं इंग्रजी असेल, तर नुसता मजकूर चिकटवून चालणारा परिवर्तक त्याचंही मराठी करून टाकतो, कारण त्याच्या लेखी दोन्हींचे क्रमांक तेच. पत्ते आणि फोन नंबर मूळ फाइलीशी ताडून घ्या. आणि मूळ फाइल ठेवाच, युनिकोडची वेगळी करा.

आता पेजमेकर. तो फोल्डर उचलून लॅपटॉपवर ठेवला तर चालणार नाही. एकतर प्रोग्रॅमच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्री या नोंदवहीत असतात, त्या फोल्डरबरोबर येत नाहीत. दुसरं, विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं आणि त्यावर १६ बिटचं काहीच चालत नाही. त्या काळातल्या बऱ्याच प्रोग्रॅमचा निदान इन्स्टॉलर तरी १६ बिटचा असे. पेजमेकर २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर पुढे गेलंच नाही. त्याच्या फाइली इनडिझाइन या त्याच्यानंतरच्या पानं मांडायच्या प्रोग्रॅमच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत, त्यानंतरच्या उघडत नाहीत. कुणा छापखान्यात जुना सीएस६ अजून चालू असेल तर तिथे विचारा. फुकटात हवं असेल, तर लिबरऑफिसचं ड्रॉ पेजमेकरच्या आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या फाइली उघडायचा प्रयत्न करतं. मांडणी विसकटते, पण मजकूर हाती लागतो. पत्रिका बहुतेक कोरलमध्ये असतील. त्या नव्या कोरलमध्ये बऱ्यापैकी उघडतात, फॉन्ट तेवढे आधी टाकलेले हवेत.

यापेक्षा चांगला रस्ता म्हणजे आता, नक्कल हातात आल्यावर, डिस्क मशीनमध्ये परत बसवून ते चालू करून बघणं. ॲडॅप्टरवरून काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा आणि जंपर होता तिथे परत लावा. इंटरनेटला मशीन जोडू नका, एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा अपडेट नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असेल, तर ते तारीख चुकीची सांगेल आणि एफ १ दाबायला लावेल. नवा सेल टाका. चाललं तर वडिलांना शेजारी बसवा, पेजमेकर त्यांना येतं, तुम्हाला नाही. महत्त्वाच्या फाइली पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आत भरलेले असतात, म्हणून दिसायला ती जशीच्या तशी राहते. शंभर पत्रिका नकोत. आठवणी, दोन-चार अहवाल आणि वडिलांना ज्या कामांचा अभिमान आहे ती, एवढं पुरे.

टॅलीचंही तसंच. टॅलीच्या फोल्डरमध्ये डेटा नावाच्या फोल्डरात आकडे नाव असलेले फोल्डर असतात, एका कंपनीला एक. ते तुमच्या नकलेत आलेच आहेत. पण ७.२ सारख्या जुन्या आवृत्तीचा डेटा आजच्या टॅलीत सरळ उघडत नाही, पायऱ्यापायऱ्याने बदलून आणावा लागतो. दुकान बंद आहे, म्हणजे तुम्हाला त्यात नव्या नोंदी करायच्या नाहीत. मग जुन्या मशीनवरच टॅली उघडून दरवर्षीचा ताळेबंद आणि खतावण्या एक्सेलमध्ये काढून घ्या. आउटलुक एक्सप्रेस या जुन्या ईमेल प्रोग्रॅममधली पत्रं हवी असतील, तर ती डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, वडिलांचं नाव, लोकल सेटिंग्ज अशा लपलेल्या वाटेने खोल आत असतात.

राहिला प्रश्न जुन्या मशीनचं काय करायचं. डिस्क सहा महिने कपाटात ठेवा, कारण राहून गेलेली एखादी गोष्ट तेवढ्यात आठवतेच. नकला दोन ठिकाणी असू द्या, एक घराबाहेर. मग डिस्क पूर्ण पुसूनच ई-कचऱ्यात द्या, नुसता क्विक फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि हिशेब सहज परत येतात. आणि कॅबिनेट भंगारवाल्याला देण्याआधी त्याची मागची बाजू बघा. प्रिंटरच्या रुंद पोर्टला आगपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा लावलेला असेल, तर तो श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचा लॉक असू शकतो. तो काढला की सॉफ्टवेअर त्या मशीनवरही चालत नाही, आणि नव्या लॅपटॉपला लावायला तसलं पोर्टच नसतं. पीडीएफचं काम उरकेपर्यंत तो जिथे आहे तिथेच राहू द्या.